रोलमधले पहिले दोन फोटो

विमानतळावरच्या मशीनमधून जाताना फिल्म खराब झाली, असं मी जपानहून फोनवर आबांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. फिल्मला काहीही झालेलं नव्हतं. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आईला तर नाहीच. आणि आबा, माझे वडील, ज्यांना ते सर्वांत आधी सांगायला हवं होतं, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

दर वर्षी गळीत हंगाम सुरू झाला की हे वर येतं. यंदाही आलं. परवा भवानीनगरहून बारामतीकडे येत होतो. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस असा रचलेला की मागून ड्रायव्हर दिसत नाही, फक्त त्याच्या टेपवरचं गाणं ऐकू येतं. ओव्हरटेक करायला जागा नाही. गाडीच्या काचा बंद, एसी चालू, तरी तो वास आत आलाच. मळीचा वास. आंबट, गोड, थोडा जळका. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आमच्याकडच्या माणसाला तो वास आला की कारखाना चालू आहे, चार महिने बरे जाणार, असं वाटतं. मला मात्र त्या वासानं जपानमधली एक न्हाणी आठवते.

सांगतो. मी तिकडे सहा-सात वर्षं होतो, समुद्राकाठच्या एका लहान औद्योगिक गावात, पंपाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. लग्न झालेलं नव्हतं. कंपनीनं दिलेली खोली एवढीशी आणि तिची न्हाणी म्हणजे एका साच्यात ओतून काढल्यासारखा प्लॅस्टिकचा डबा. सुट्टीच्या दिवशी बोलायला माणूस नसायचं. अशाच एका रविवारी जुन्या सामानाच्या दुकानात भंगार म्हणून टोपलीत टाकलेला एक कॅमेरा मिळाला, रोलवाला, हातात घेतला तर चांगलाच जड. तो चालत होता. मग रोल आले, मग रोल बाहेर धुवायला देणं परवडेना, आणि मग मी त्या प्लॅस्टिकच्या न्हाणीतच रोल धुवायला लागलो.

रोल धुणं. आपल्याकडे हाच शब्द आहे आणि तो बरोबर आहे. काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात घालायचे, आत रोल, कात्री आणि फिल्म गुंडाळायची चक्री. डोळ्यांचं काही काम नाही. आई गप्पा मारता मारता वाती वळते, वातीकडे बघत नाही, तशी बोटांनाच सवय लागते. मग झाकणाच्या डब्यात औषध ओतायचं, डबा उलटा-सुलटा करायचा, घड्याळाकडे बघायचं. थंडीत नळाचं पाणी बर्फासारखं, म्हणून डबा कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करायचा. पहिलं औषध ओतून दिलं की दुसरं घालायचं, आणि ते आंबट. नाकात जायचं. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी टबाच्या कडेवर बसलो आणि हसलो. अरे, हा तर आमच्या गावचा, कोऱ्हाळ्याचा वास! तसा तो मळीचा नव्हेच, पण घरापासून इतक्या लांब असलेल्या माणसाला तेवढं साम्य पुरतं. मग ओली फिल्म शॉवरच्या दांडीला कपड्यांच्या चिमट्यानं टांगायची. तिच्यावर उलटी माणसं, काळं आभाळ, पांढरी झाडं. ते बघायला मी जेवण विसरायचो.

हे शिकवलं ओगावा-सान यांनी. निवृत्त दंतवैद्य. गावच्या समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये फोटोची हौस असलेल्या म्हाताऱ्यांचा एक गट महिन्याला जमायचा. टेबलावर आपापले फोटो मांडायचे, चहा प्यायचा, आणि अतिशय नम्र भाषेत एकमेकांच्या फोटोची पिसं काढायची. मी त्यात सगळ्यात तरुण आणि एकटा परदेशी. ओगावा-सान माझे फोटो चष्म्याखालून बघायचे आणि म्हणायचे, "सुनील-सान, तुम्ही सगळ्यांना समोर उभं करता. माणसं काय पोलिसांनी पकडून आणलीत?" सगळे हसायचे. मीही. पण ते मनाला लागायचं. मग मी पाठी टिपायला लागलो, हात टिपायला लागलो, सावल्या टिपायला लागलो. समोरून, सरळ, डोळ्यांत बघून काढलेला फोटो मला हळूहळू गावंढळ वाटायला लागला.

आता आबांचं सांगायला हवं.

आबांना कोड होतं. मी शाळेत असताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा डाग आला. तो गालावर चढला, डोळ्याखाली गेला, मग हातांच्या बोटांवर उतरला. आबा उन्हानं रापलेले, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे. त्यावर ते पांढरं लांबून दिसायचं. बोलायला आबांइतका तिखट माणूस आमच्या आळीत नव्हता. सोसायटीच्या सभेत उभे राहिले की चेअरमन आधीच पाणी प्यायचा. पण कुणी कॅमेरा काढला की हाच माणूस तिथून नाहीसा व्हायचा. भांडण नाही, तमाशा नाही. नुसताच नाहीसा.

ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा वरकुट्याची मंडळी बघायला आली. चहा झाला, पोहे झाले, आणि मुलाच्या चुलत्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "आबा, न्हाय म्हंजी राग नका मानू, पर हे घरान्यात हाय का तुमच्याच अंगावर?" आबा म्हणाले, "माझ्याच अंगावर हाय. पोरीला देत न्हाय मी आंदण." सगळे हसले, सोयरीक जमली. पण लग्नात फोटोग्राफर स्टेजवरून हाका मारत होता, "नवरीचे वडील! नवरीचे वडील या!" आणि आबा मांडवाच्या मागं आचाऱ्याशी बोलत उभे. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "तू जा की. तू हायेस न्हवं घरचा? मी हितं बुंदीकडं बघतो." ताईच्या अल्बममध्ये नवरीचे वडील नाहीत. एका फोटोच्या कडेला फेट्याचा शेमला तेवढा आलाय. तो आबांचा, हे आम्हालाच माहीत.

कॅमेरा घेतल्यानंतरच्या एका हंगामात मी घरी आलो होतो, तिकडच्या वर्षअखेरच्या सुट्टीत. थंडी छान पडलेली. आमच्या उसाला तोड आली होती. बीडकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, कालव्याच्या कडेला पडल्या होत्या, पहाटे बैलांच्या तोंडातून वाफा. माझ्या गळ्यात कॅमेरा. आई म्हणायची, "ढोर बांधल्यागत काय अडकिवलंय गळ्यात?" आबा काही म्हणाले नाहीत. दोन दिवस नुसतेच बघत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आरशासमोर दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सुन्या, तुझ्या ह्या मशिनीत काळं-पांढरंच येतंय व्हय?"

"होय आबा."

"मग त्यात ह्ये," आणि वस्तरा ओठाच्या कोपऱ्यापाशी थांबला, "ह्ये दिसतंय का रं?"

मी म्हणालो, "सावलीत काढला तर फारसं नाही दिसणार. उन्हात दिसेल." हे मी खरंच सांगितलं होतं. मला त्यातलं थोडं कळत होतं.

"मग काढ एक. सावलीत."

आई चुलीपुढून म्हणाली, "आगं बया! ह्या वयात फोटूचं याड लागलं का?"

"तुला काय कळतंय? उद्या मेलो तर भितीला काय लावशील? निवडनुकीच्या कार्डावरचा? त्यात मी चोरावानी दिसतुया."

"असताना जरा धड बोलावं मानसानं."

"असताना काढतोय म्हनून तर बोलतोय."

हे असं. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या आत फोटो लागतो. मोठा करून, चौकट करून, हार घालून. पाहुणे येतात ते त्या फोटोला हात जोडतात. घरात फोटो नसेल तर धावाधाव होते, कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यातनं डोकं कापून आणावं लागतं. आबांनी हे सगळं मनात कधीपासून धरलं होतं कोण जाणे. इतकी वर्षं फोटोतून पळालेल्या माणसानं स्वतःहून फोटो मागितला, तो पोटच्या पोराला. दुसऱ्या कुणाला त्यांनी मागितला नसता.

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फेटा बांधला, तो मनासारखा बसेना म्हणून सोडून परत बांधला. गोठ्याच्या पत्र्याच्या सावलीत मी लाकडी खुर्ची ठेवली. नवा रोल भरला. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजायचा काटा आदल्या दिवशीच सेल संपून हलेनासा झाला होता. तसला सेल कोऱ्हाळ्यात मिळायचा प्रश्नच नव्हता, बारामतीतही मिळाला नाही. म्हणून सगळा अंदाज. आबा दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसले, मग काहीतरी आठवल्यासारखे हात उलटे केले. तळव्यांवर डाग नव्हते.

"हसू का नको?"

"हसा की."

"नको. हसलं की ती बाजू पसरती."

मी बटण दाबलं. डोळे मिटले असतील म्हणून लगेच दुसरा काढला. दुसऱ्या वेळेला त्यांनी कॅमेऱ्यातून पार माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं.

"झालं?"

"झालं."

"एवढ्यासाठी फेटा बांधला व्हय," असं म्हणत उठले, आणि आईला ओरडून सांगितलं, "मी आता मरायला मोकळा." आई चिडली. आबा दिवसभर शीळ घालत होते. आबांना शीळ घालता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढचा सगळा रोल मी माझ्यासाठी काढला. पहाटेचं धुकं, कोयत्याची चमक, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी बाई, पाचट पेटवल्यावर आभाळात उडणारी काजळी. आणि आबांची पाठ: ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात उभे, कमरेवर हात, समोर धूर. ती पाठ मी चार-पाच वेळा टिपली. मनात मी ते फोटो टेबलावर मांडत होतो. ओगावा-सान काय म्हणतील ते ऐकत होतो.

जपानला परतल्यावर मी रोल त्यांच्याकडे घेऊन गेलो. काटा बंद होता, उजेडाचा नुसता अंदाज, काय करू? ते म्हणाले, सोपं आहे. सगळा रोल एकदम धुवू नका. एक तुकडा कापा, तो धुऊन बघा. काळा आला तर उरलेल्याला वेळ कमी द्या, फिका आला तर जास्त. तुकडा कुठलाही कापा, फक्त गेला तरी चालेल असा कापा. सुरुवातीचा कापणं सोपं. शेवटचा कापायचा तर सगळी फिल्म अंधारात उलगडावी लागेल.

रोलच्या सुरुवातीला काय होतं, ते मला माहीत होतं.

मला हेच सांगायचं आहे. मी विसरलो नव्हतो. गडबड झाली नव्हती. पिशवीत हात घालून बसलो होतो, उजव्या हातात कात्री, डाव्या हाताच्या बोटांत फिल्मचं टोक, आणि मला नक्की माहीत होतं की या टोकाला आबा बसले आहेत, हात उलटे ठेवून. शेवटच्या टोकाला धूर होता, काजळी होती, ती पाठ होती. मी एक क्षण थांबलो. मनात म्हणालो, तो तर साधा समोरचा फोटो, पुढच्या वर्षी परत काढू. आबा काय, कुठं पळून चाललेत. आणि कापलं.

तो तुकडा धुतला तर काळाकुट्ट आला. पहिल्या फोटोत माणूस आहे एवढंच कळावं, बाकी डांबर. उरलेल्या रोलला मी वेळ कमी दिला आणि तो इतका सुंदर उतरला की मी त्या न्हाणीत एकटाच वा-वा म्हणालो. मग दांडीला टांगलेली फिल्म वरून खाली बघत गेलो. सगळ्यात वर, चिमट्याखाली, दुसऱ्या फोटोचा अर्धा भाग होता. कात्री आबांच्या चेहऱ्यातूनच गेली होती. डावी बाजू राहिली होती: एक डोळा, गाल, अर्धी मिशी, ओठाचा कोपरा. भिंग लावून बघितलं. डाग दिसत होता, पण कसा? पानाच्या सावलीसारखा, चेहऱ्यातच मिसळलेला. वाईट काहीच नव्हतं त्यात. त्या एका डोळ्यात गंमत होती. तो फोटो चांगला आला असता असं म्हणणंही खोटं. तो चांगला आलाच होता.

महिन्याच्या बैठकीत मी आबांची पाठ मांडली. फार कौतुक झालं. एका आजोबांनी उठून मान लववली. हॉलमधल्या वार्षिक प्रदर्शनात तो फोटो चौकटीत लागला, खाली माझं नाव. ओगावा-सान यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर थांबल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "हे वडील ना तुमचे? आणि चेहऱ्याचा फोटो कुठंय?" त्यांना काही माहीत नव्हतं, सहज विचारलं. मी म्हणालो, घरी आहे.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. एरवी आई बोलायची, आबा लांबून ओरडून सूचना द्यायचे. त्या दिवशी स्वतः होते. ऊस गेला, टनेज बरं पडलं, म्हैस व्याली. मग जरा घसा खाकरून, "फोटू धुतला का रं?"

आणि मी ते मशीनचं सांगितलं. विमानतळावर बॅगा ज्यातून जातात ना, त्या किरणांनी फिल्म खराब होते, आपला रोल गेला. तोंडातून इतकं सराईत आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. पलीकडे कारखान्याचा भोंगा झाला तो फोनवरही ऐकू आला.

"सगळाच गेला?"

"सगळाच."

"बरं. असू दे. मशिनीला काय कळतंय," आबा म्हणाले. आणि आईकडे फोन दिला.

पुढच्या हंगामात मी आलो तेव्हा कॅमेऱ्यात ताजा सेल होता. पहिल्याच सकाळी खुर्ची काढली. आबा म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे. पाणी धरायचंय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज केस कापायचं हाईत." तिसऱ्या दिवशी मी जरा हट्ट केला तर माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सोड की रं पोरा. कशाला तरास घेतो?" तो आवाज मला कळला नाही. वाटलं, म्हातारा रुसलाय. त्यानंतर मी कधी विचारलं नाही, त्यांनीही काही काढलं नाही. काही वर्षांनी, ऊस बांधणीच्या दिवसांत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. घरात फोटोची धावाधाव चालू होती. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, ते निवडणुकीचं कार्ड इंदापूरच्या एका स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरवर मनापासून मेहनत केली. डाग पुसले, गाल गुळगुळीत केले, ओठ गुलाबी केले, वर आपल्या पदरचा एक कोट चढवला आणि मागं निळं आभाळ दिलं. दाजींनी चौकट कागदातून काढून आईसमोर धरली. आईनं बराच वेळ बघितलं.

"ह्यो कुनाचा मानूस आनलाय?"

"आबाच हाईत की आई. नीट बघा."

"ह्ये आबा? ह्यास्नी तर मी वळखत बी न्हाय. कोट कुनाचा हाय त्यो?"

रडत्या घरात एक-दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली आणि मग तिला मोठ्यानं रडू फुटलं. शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "सुनीलनं काढला व्हता न्हवं एक, परदेशातनं आल्ता तवा?" तेव्हा आई सगळ्यांसमोर बोलली. आबांनी तिला काय सांगितलं होतं ते.

"त्यो फोटू आल्ता. ह्यांनी मला तवाच सांगितलं. म्हनलं, मशीन-बिशीन काय न्हाय गं. फोटू आलाय, पर पोरानं बघितला आन त्याला बापाचं तोंड बघवलं न्हाय. बापाचं मन दुखू नये म्हनून मशिनीवर ढकलतोय. गुनाचं हाय पोरगं. तू त्याला परत इचारू नको. असं म्हनलं मला."

ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "ल्योक असावा तर असा." काकूंनी माझ्या हातात चहाची कपबशी दिली. मी चहा प्यायलो.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडायला हवं होतं, तिथंच, त्या सगळ्यांत. आबांनी इतकी वर्षं स्वतःचा चेहरा माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि माझे डोळे त्यांनी मनानंच ठरवले होते, कारण मी त्यांना दुसरं काही दिलंच नव्हतं. एक चांगला आलेला फोटो त्यांनी बघितला असता तर? फेट्यातला, सावलीतला, डोळ्यांत गंमत असलेला? लोकांनी त्यांना गोड आवाजात बाजूला केलं, हे मला लहानपणापासून दिसत होतं, त्याचा मला राग यायचा. मी आवाजसुद्धा केला नाही, नुसती कात्री चालवली. पण चहा पिताना यातलं काही माझ्या तोंडून निघालं नाही. माझं कौतुक चाललं होतं, आणि मला ते थांबवता आलं नाही. असं एकदा झालं की पुढं रोज ते जास्त अवघड होत जातं. जपान सुटलं, बारामतीत नोकरी लागली, लग्न झालं, कॅमेरा कपाटात गेला. कोट घातलेला तो अनोळखी गृहस्थ आमच्या भिंतीवर आहे. दर वर्षी आम्ही त्याला हार घालतो.

एवढ्यावरही कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण मागच्या रविवारी वरकुट्याला ताईकडे हुरड्याला गेलो होतो. आईलाही नेलं होतं. आगटीभोवती सगळे बसलेले, गरम कणसं चोळून चोळून हात काळे, चटणी, गूळ, हसणं-खिदळणं. ताईची मुलगी रेवा, बारामतीत कॉलेजला आहे, वक्तृत्वात बक्षिसं आणते, आबांसारखीच तिखट. दाजींनी मोबाइल काढला. "चला, या सगळे जवळ." आम्ही सरकलो. रेवा उठली आणि शेणीच्या ढिगाकडे निघाली. "आगटी विझंल, मी शेणी आणते."

ती कशी नाहीशी झाली, ते मी ओळखलं. तसं जाणारा माणूस मी आयुष्यभर बघितलाय.

मग दिसलं. हनुवटीच्या खाली, मानेकडे, नखाएवढं पांढरं. ताईनं डोळ्यांनीच मला सांगितलं, बोलू नको. डॉक्टरांचं औषध चालू आहे. रेवा शेणी टाकून आजीजवळ बसली, ओढणी गळ्याभोवती गुंडाळून. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समजूत घालायला तिच्याकडे जे होतं ते काढलं.

"ऱ्हाऊ दे गं बाय. न्हाय काढायचा तर न्हाय काढायचा. तुझ्या आज्ज्याचं बी असंच व्हतं. एकदाच बसलं बिचारं फोटूला, तर त्यो बी वंगाळ आला. ह्या तुझ्या मामानं मन राखलं म्हनून, न्हायतर..."

रेवानं माझ्याकडे बघितलं. "हो मामा? इतका वाईट आला होता?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चिडून नाही, डॉक्टरला विचारतात तसं. पुढं आपलं काय होणार आहे, हे ती मला विचारत होती.

मी कणीस चोळत राहिलो. म्हणालो, "फार जुनी गोष्ट झाली गं." दाजींनी विचारलं, अजून चटणी आणू का. विषय गेला. रेवा आगटीकडे बघत राहिली. परतताना गाडीत आई झोपली, आणि रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या.

म्हणजे तेच मी पुन्हा केलं. एकदा आबांना, आता हिला. तेव्हा निदान समोर आबांचं तोंड नव्हतं, फोनची तार होती. या वेळी ती हातभर अंतरावर बसली होती.

घरी येऊन मी कपाटातलं जुनं पाकीट काढलं. तो अर्धा फोटो अजून चांगला आहे. तो छापून दाखवता येईल. पण नुसता फोटो पुढे करून भागणार नाही, हे मला कळतं. मी फोटोच्या आड लपण्यात फार वर्षं घालवली आहेत. हे इथं लिहिलं तेही खरं तर सोपंच होतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी मला मामा म्हणत नाही, कुणी ओसरीवर माझं कौतुक करत नाही.

रेवाला मला समोर बसून सांगायचं आहे, आणि सांगताना आई शेजारी हवी, की आज्ज्याच्या चेहऱ्यात काही वाईट नव्हतं, तो मीच कापला आणि मग खोटं बोललो. तेवढं मी त्या दोघींचं देणं लागतो. अजून ते दिलेलं नाही.